खरेदीखत झालं, तरी उताऱ्यावर नाव लागत नाही. काय करावं? (जळगाव)

अडकलेला_जळगावकर
जुन्या जळगावात घर घेतलं. खरेदीखत होऊन अडीच महिने झाले. सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, दस्त नोंदल्याचा गोषवारा) हातात आहे, स्टॅम्प पूर्ण भरलाय. तरी उताऱ्यावर नाव लागत नाही. तलाठी म्हणतो 'हे माझ्याकडे येत नाही'. तीन चकरा झाल्या. वर कोणाकडे तक्रार करायची तेवढं सांगा. घाई आहे.

तापीकाठ
उतारा कसला? सातबारा, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) की घरपट्टीचा? आपल्याकडे तिन्हींना उताराच म्हणतात. दस्तातल्या मिळकतीच्या वर्णनात गट नंबर आहे की सि.स. (सिटी सर्व्हे, नगर भूमापन) नंबर, ते टाका.

हरभरा_भाजी
माहिती अधिकार टाका. १० रुपयांचं तिकीट, ३० दिवसांत लेखी उत्तर. सरळ होतात सगळे.

तापीकाठ
माहिती अधिकाराने माहिती मिळते, नाव लागत नाही.

अडकलेला_जळगावकर
सि.स. नंबर आहे. पण घेण्याआधी उतारा मी बघितलाय, विक्रेत्याचंच नाव होतं.

तापीकाठ
मग तलाठी बरोबर बोलतोय. (हो, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.) नगर भूमापन झालेल्या हद्दीत मिळकत पत्रिका चालते आणि तिच्यावरची नोंद नगर भूमापन कार्यालय घेतं. पिंप्राळा, मेहरूणकडचे बरेच बिनशेती प्लॉट सातबाऱ्यावर आहेत, त्यामुळे लोक सवयीने तलाठ्याकडेच जातात. महाभूमीवरून डिजिटल सहीची मिळकत पत्रिका काढा. धारकाच्या रकान्यात कोण आहे? सत्ता प्रकार (जमीन कोणत्या हक्काने धरलीय ते) काय? 'ब' (सरकारी भाडेपट्ट्याची) असेल तर विषय आधी जिल्हाधिकारी कार्यालयात जातो.

केळीचा_घड
घर बायकोच्या नावावर घ्यायला हवं होतं भाऊ. शहरात मुद्रांक ५ टक्के अधिक १ टक्का अधिभार, पण एकट्या महिलेच्या नावे निवासी घर घेतलं तर १ टक्का सूट.

हरभरा_भाजी
झाल्यावर सांगून काय फायदा.

अडकलेला_जळगावकर
काढली. सत्ता प्रकार 'क'. पण नाव विक्रेत्याच्या वडिलांचं आहे, ते २०१३ ला वारले. मी बघितलेला तो महापालिकेचा घरपट्टीचा उतारा होता. दस्त झाला म्हणजे सरकारनेच मान्य केलं ना?

निर्वेध_निजोखमी
नाही. दुय्यम निबंधक बघतो मुद्रांक, ओळख आणि लिहून देणाऱ्याची कबुली. मालकी तो ठरवत नाही. घरपट्टीला नाव म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा एवढंच. अर्ज करून कोणीही आपलं नाव लावून घेतो. आता विचारायचं ते विचारतो: आई हयात आहे? भाऊ-बहिणी किती? मृत्युपत्र आहे? कर्ज काढलं होतं का?

अडकलेला_जळगावकर
कर्ज नाही, रिटायरमेंटचे पैसे, ३८ लाख. आई त्याच घरात मागच्या खोलीत राहते. दोन बहिणी, एक सुरतला, एक चाळीसगावला. मृत्युपत्र नाही म्हणतो. दस्तावर त्याच्या एकट्याची सही. बहिणींची लग्नं होऊन वीस वर्षं झाली, त्यांचा काय संबंध?

निर्वेध_निजोखमी
संबंध पूर्ण आहे. हिंदू वारसा कायद्याचं कलम ८: आई, मुलगा, दोन मुली, चौघांना सारखं. घर वडिलोपार्जित निघालं तरी हिशेब इथेच येतो. वाटणीत बाप, आई, तीन मुलं प्रत्येकी एक पंचमांश, बापाचा पंचमांश चौघांत, म्हणजे पुन्हा एक चतुर्थांश. तुम्ही चार आण्यांची वस्तू रुपयाला घेतली. खरेदीखत रद्द नाही, पण ते त्याच्या चार आण्यांपुरतंच चालतं.

त्याहून वाईट म्हणजे राहतं घर आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ४४: कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला घरच्यांबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा तुम्हीच केलात तर १८९३ च्या विभाजन कायद्याच्या कलम ४ खाली ते तुमचा हिस्सा विकत घेऊन तुम्हाला बाहेर काढू शकतात.

केळीचा_घड
बारा वर्षं विक्रेता भाऊ एकटाच घरपट्टी भरतोय ना? प्रतिकूल ताबा (बारा वर्षांच्या उघड ताब्यावरून मालकी) झाला. बहिणींचा हक्क संपला.

निर्वेध_निजोखमी
सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरतात. इतरांना उघड हाकलल्याचा पुरावा लागतो. आणि इथे आई आत राहतेय!

हरभरा_भाजी
फसवणुकीचा गुन्हा दाखल करा. पोलीस आले की सह्या होतात.

तापीकाठ
सह्या बहिणींच्या हव्यात, त्यांनी काय गुन्हा केला? दोन रस्ते आहेत. एक, आई आणि बहिणी भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करतात. वारसाने आलेली मिळकत, सख्ख्या नात्यात, म्हणून मुद्रांक ५०० रुपये. त्यानंतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४३: विकताना हक्क नव्हता आणि मागाहून मिळाला, तर तो खरेदीदाराला मागता येतो. पण नुसतं ४३ दाखवून नगर भूमापनवाला नोंद घेणार नाही. त्याच दिवशी भावाकडून पुष्टीपत्र (आधीचं खरेदीखत पक्कं करणारा दस्त) करून घ्या, हक्कसोडीचा दस्त क्रमांक त्यात घालून. हक्कसोड तुमच्या नावे घेऊ नका, तुम्ही नात्यातले नाही, तो दस्त विक्रीच्या दराने जातो.

निर्वेध_निजोखमी
हे बहिणी फुकट सोडणार असतील तरच. पैसे घेऊन 'विनामोबदला' लिहिलं की उद्या तोच कागद अंगावर येतो. मोबदला असेल तर आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णय (मुद्रांक किती लागेल ते ठरवून घेणं), किंवा दुसरा रस्ता: तिघींकडून थेट तुमच्या नावे खरेदीखत. पाऊण हिस्सा २८.५ लाख धरला तर ६ टक्क्यांनी १,७१,००० मुद्रांक, नोंदणी २८,५००. रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य जास्त निघालं तर त्यावर.

तापीकाठ
घर एक, मुद्रांक दोनदा? आधी भावालाच धरा. दस्तात 'निर्वेध, निजोखमी, बोजेविरहित; दोष निघाल्यास लिहून देणार निवारण करून देईल, तोशीस लागू देणार नाही' असं कलम असतंच.

चोपडा_रोड
मधेच विचारतो. एक गुंठ्याचा शेतातला प्लॉट नोटरीवर घेतला तर चालतो का?

निर्वेध_निजोखमी
नोटरीने जमिनीची मालकी जात नाही. वेगळा धागा काढा.

अडकलेला_जळगावकर
भावाशी बोललो. चाळीसगावची बहीण तयार आहे. सुरतची पैसे मागते, यायलाही तयार नाही, नोटरी केलेलं मुखत्यारपत्र पाठवते म्हणते. आणि एक राहिलं सांगायचं, साडेतीन लाख अजून द्यायचे आहेत, पुढच्या १० तारखेचा चेक त्याच्याकडे आहे.

तापीकाठ
भाऊ, हे पहिल्या पोस्टीत लिहायचं होतं! तुमच्या हातातला एकमेव लगाम तो.

निर्वेध_निजोखमी
चेक गुपचूप थांबवू नका, १३८ ची (चेक न वटल्याची) नोटीस येईल. वकिलामार्फत पोचपावतीसह स्पीड पोस्टने कळवा: मालकीत दोष, अमुक वारसांच्या सह्या नाहीत, निवारण होईपर्यंत चेक भरू नये, त्या दिवशी रक्कम द्यायला तयार. सुरतच्या बहिणीचा मोबदला त्यातूनच तिच्या खात्यावर, चेकने. २०,००० किंवा वर रोख देऊ नका.

मुखत्यारपत्रावर दस्त नोंदवायचा तर नोंदणी कायद्याचं कलम ३३ लागतं. ती सुरतला राहते, तर तिथल्या सब रजिस्ट्रारसमोर अधिप्रमाणित केलेलं हवं. नुसतं नोटरीचं इथे परत येईल.

हरभरा_भाजी
आईचं काय? सही करेल, पण मग राहणार कुठे?

निर्वेध_निजोखमी
योग्य प्रश्न. तिला खोलीत राहायचं असेल तर तिच्या दस्तात तसं स्पष्ट लिहा. सही घेतली आणि आठ दिवसांत सामान बाहेर काढलं, तर दबावाखाली सही झाल्याचा दावा आयता उभा राहतो.

अडकलेला_जळगावकर
बरं. नगर भूमापनला आता अर्ज टाकू की थांबू?

तापीकाठ
वारस नोंद आत्ताच टाकायला लावा. अर्ज भावाने करायचा: मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, चौघांची नावं. बहिणींची नावं गाळू देऊ नका. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस. चौघं पत्रिकेवर आले की पुढचे दस्त सरळ लागतात. तुमचं खरेदीखत आत्ता एकटं टाकलंत तर हरकत येईल आणि नोंद तक्रारीत अडकेल.

अडकलेला_जळगावकर
उद्या शनिवार, चालू असतं का?

हरभरा_भाजी
२०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. सोमवारी जा, भावाला बरोबर घेऊन.