मदत हवी आहे : आजोबांच्या स्मृतीनिमित्त शालेय बुद्धिबळ स्पर्धा

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा निवृत्त शिक्षक. मिरजेजवळच्या आमच्या गावात त्यांनी ओसरीवर कितीतरी पोरांना घोडा अडीच घरं कसा चालतो ते शिकवलं. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या नावाने दिवाळीच्या सुट्टीत एक दिवसाची, १६ वर्षांखालील मुलांची स्पर्धा घ्यायची आहे. ८० तरी मुलं येतील.

बाद पद्धत नको, हे पक्कं. पहाटेच्या एसटीने आलेलं पोर पहिल्याच डावात हरून घरी जावं, हे आजोबांना कधीच पटलं नसतं. म्हणून स्विस लीग, म्हणजे कोणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारखे गुण असलेले एकमेकांशी खेळतात. पण ६४ पर्यंत खेळाडूंना ६ फेऱ्या पुरतात, ८० जणांना ७ लागतात. प्रत्येक खेळाडूला १५ मिनिटं अधिक प्रत्येक चालीला ५ सेकंद धरले, तर लांबलेला डाव ४० मिनिटांवर जातो. संध्याकाळची शेवटची एसटी चुकेल ना?

वेळ १० मिनिटांवर आणावी, की १० वर्षांखालच्यांचा गट वेगळा करावा? डिजिटल घड्याळं फक्त १२ आहेत. सांगली-कोल्हापुरात भाड्याने मिळतात का? समान गुण झाल्यास बुखोल्झ (प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांच्या बेरजेवरून क्रम लावणं) लहानग्यांच्या पालकांना कसं समजावता? अनुभवी पंचांनी कृपया सांगावं.