बेल्टचे रिटर्न रोलर मागवताना काय मोजायचं?

प्रश्न: मुरगावच्या ट्रान्सशिपरवर (बार्जमधला माल मोठ्या जहाजात चढवणारं जहाज) लोहखनिजाच्या बेल्टचे खालचे, म्हणजे परतीच्या बेल्टला आधार देणारे रिटर्न रोलर जाम होताहेत. नेमप्लेट गंजलीय. ऑर्डरमध्ये कोणती मापं द्यायची?

मरीनफिटर: नळीचा व्यास (टोकाशी घ्या, मधे झीज असते), लांबी, शाफ्टचा व्यास आणि ब्रॅकेटच्या खाचेत बसणाऱ्या शाफ्टच्या चपट्या भागाची जाडी. हे शेवटचंच राहून जातं, मग नवा रोलर खाचेत उतरत नाही! बेअरिंगचा नंबर, उदा. ६३०५ सी३, पूर्ण लिहा.

बेल्टमेस्त्री: ओलं खनिज चिकटून रोलरचा व्यास असमान होतो, बेल्ट सरकतो. तिथे रबरी रिंगांचे रोलर घ्या. धुताना प्रेशरचं पाणी सीलवर नको.

प्रश्नकर्ता: स्कर्टला (माल पडतो तिथे बाजूने सांडू नये म्हणून बेल्टला टेकणाऱ्या पट्ट्या) जुन्या बेल्टच्या पट्ट्या चालतील?

मरीनफिटर: अजिबात नको. कापडाच्या थरात खनिजाचे कण रुततात, चालत्या बेल्टला चर पडतात.