लेक फोर्कचे बास कमी झालेत की शहाणे झालेत? (टूर्नामेंटवाल्यांनी रागावू नये, किंवा रागवावं)

काठावरचा (आयर्विंग, टेक्सास)

परवाचा शनिवार लेक फोर्कवर बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) धरण्यात घालवला. पहाटे साडेतीनला उठून पावणेदोन तास गाडी हाणली, उजाडायच्या आत रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) पोचलो तर ट्रेलरांची रांग पार रस्त्यापर्यंत, त्या दिवशी म्हणे बास धरायच्या दोन टूर्नामेंट होत्या आणि वर आमच्यासारखे हौशे-गवशे-नवशे वेगळेच. दुपारी दोनपर्यंत चार मासे. मोठ्यात मोठा पंधरा इंची. २०१२ ला मी इथं पहिल्यांदा आलो तेव्हा बोट पण नव्हती, काठावरून प्लास्टिकचा गांडूळ टाकून सकाळच्या दोन तासांत दहा-बारा लागायचे, आता बोट आहे, साडेतीनशे डॉलरचा रॉड आहे, फक्त मासा नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे डॅलसच्या पूर्वेला धरणाचं पाणी आहे, सुमारे २७ हजार एकर, १९८० मध्ये बांध घातला. राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्यानं पाणी भरायच्या आधीच तिथल्या तळ्यांत फ्लोरिडा जातीचे लार्जमाउथ बास सोडून ठेवलेले, म्हणजे तलाव जन्मला तोच बाससाठी. १९८६ ला मार्क स्टीव्हन्सन या गाइडला १७.६७ पाउंडाची मादी मिळाली, एथेल नाव तिचं, तिच्यापासून खात्याची शेअरलंकर योजना सुरू झाली (१३ पाउंड किंवा वरची मिळाली की पैदाशीसाठी खात्याला द्यायची). १९९२ च्या जानेवारीत बॅरी सेंट क्लेअरनं १८.१८ पाउंडाचा काढला, म्हणजे सव्वाआठ किलो, तो टेक्सासचा रेकॉर्ड अजून उभा आहे. आणि गंमत अशी की तो बाससाठी बसलाच नव्हता, क्रॅपी नावाचा दुसराच छोटा मासा धरत होता!

असल्या तलावाची आता जत्रा झालीये. माझं म्हणणं सरळ आहे, जून ते सप्टेंबर टूर्नामेंट बंद करा आणि वसंतात मासा घरट्यावर असताना त्याला छळणं बंद करा. बोला.

रॅम्पवाला (ह्यूस्टन)

अहो साहेब, चार मासे लागले म्हणून तलाव संपला होय? मी आमच्या क्लबबरोबर वर्षाला आठ-नऊ टूर्नामेंट खेळतो, सॅम रेबर्न तलावाला तर जवळपास दर वीकेंडला कुणाची ना कुणाची असते, पण ते तळं अजून मासे देतंय.

आणि फोर्कचा नियम तुम्हाला माहिती असूनही तुम्ही सांगितला नाहीत, मग मी सांगतो. तिथं १६ ते २४ इंचांतला बास ठेवताच येत नाही, जागच्या जागी सोडायचा. पाच मासे ठेवता येतात, त्यात २४ किंवा वरचा फक्त एक. म्हणजे टूर्नामेंटवाला वजनाच्या काट्यावर आणणार काय, तर सोळाच्या खालचे 'अंडर' आणि नशीब असेल तर एक 'ओव्हर'. मधली सगळी फौज आम्ही हातच लावत नाही. बिनस्पर्धेचा वीकेंडवाला मात्र खोल गिळलेला हुक पक्कडीनं ओरबाडून, पाच मिनिटं फोटो काढून, कोरड्या टॉवेलात धरून मासा "सोडतो". ते कोण मोजणार?

दुसरं, कॅच अँड रिलीज, म्हणजे पकडून सोडायची ही सवय आली कुठून? १९६७ ला रे स्कॉटनं आर्कान्सासच्या बीव्हर लेकवर मोठी टूर्नामेंट भरवली तेव्हा मासे दोरीत ओवून मेलेलेच यायचे. त्याच माणसानं १९७२ ला पकडलेला मासा मारू नका म्हणून मोहीम काढली, मग लाइव्हवेल (बोटीतली मासे जिवंत ठेवायची टाकी) आले, हवा देणारे पंप आले. आमच्याच लोकांनी लावलेली सवय आहे ही आणि आता आम्हीच खलनायक.

तिरकस

मला एक कळत नाही. खायचा नाही तर पकडता कशाला? मासा बघितला, ओढला, वजन केलं, मुका घेतला, परत टाकला. आणि त्यावर दोन पार्ट्या करून भांडताय की कुणाच्या मुक्यानं तो जास्त मरतो 😄 आमच्या आज्जीनं ऐकलं असतं तर म्हणली असती, "मेल्यांनो, जिताडा धरून सोडला असता तर हात तोडले असते."

गप्पिष्ट (शँपेन, इलिनॉय)

तिरकस, थांबा जरा, तुमच्या आज्जीकडे शेवटी येते, कारण आज्जीचं बरोबर आहे.

काठावरचे दादा, तुमचा गळ म्हणजे मासेगणती नाही. खातं गणती करतं ती रात्री बोटीतून पाण्यात वीज सोडून, मासे क्षणभर गुंगतात, वर येतात, मोजतात, मापतात, सोडतात. तुम्ही सांगताय ते वेगळं आहे, मासा चावतो का नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

आमच्या इथं रिज लेक म्हणून छोटंसं तळं आहे, तिथं सत्तरच्या दशकात एक प्रयोग सुरू झाला. जो मासा लागेल त्याला खूण करायची, नोंद करायची, सोडायचा. चार वर्षांनी तळं उपसलं तर १७०० च्या वर बास निघाले आणि त्यातले साधारण २०० एकदाही गळाला लागलेले नव्हते, उलट एक शहाणा वर्षात १६ वेळा लागलेला! मग त्यांनी सारखे लागणाऱ्यांची आपसांत आणि न लागणाऱ्यांची आपसांत पैदास केली, तीन पिढ्या. दर पिढीला दोघांतलं अंतर वाढत गेलं. २००९ मध्ये ते छापून आलं. म्हणजे गळाला भुलणं हे थोडंफार रक्तात असतं, आणि भुलणारे काढत राहिलात तर मागं न भुलणारे उरतात. वर एकदा तोंड भाजलेला मासा शिकतो ते वेगळंच. तेव्हा दादा, तुमचे बास बहुतेक आहेत तिथंच, फक्त तुमचा गांडूळ त्यांच्या ओळखीचा झालाय.

पण रॅम्पवाले, तुम्ही लगेच टाळ्या वाजवू नका. जे नर पटकन चावतात तेच बाप म्हणून चांगले निघाले, असंही त्याच मंडळींच्या पुढच्या अभ्यासात आलं. बासमध्ये मादी अंडी घालून निघून जाते, घरटं राखतो नर. शेपटीनं तळ झाडून वाटी करतो, अंड्यांवर आणि नंतर पिल्लांवर उभा राहतो, या दिवसांत धड खात नाही पण जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो. तुमचा ल्युअर (नकली आमिष) पण "जवळ आलेला कोणीतरी"च. तो तुमच्या बोटीत असतो तेवढ्यात ब्लूगिलसारखे छोटे मासे येऊन वाटी साफ करतात, आणि दमलेला नर पुष्कळदा परत राखणीला उभाच राहत नाही.

रॅम्पवाला

ताई, पुस्तकात बरोबर आहे, पण फोर्कवर एका वाटीत हजारो अंडी, त्यातली किती जगायची ते पाणी किती चढलं-उतरलं, काठाला झाडोरा, हायड्रिलासारखं पाणगवत आहे की नाही यावर. नवीन रान पाण्याखाली गेलं की बास उसळतात, रान कुजून गेलं की बसतात. हे सगळ्या धरणांचं आहे. चार घरटी मी उठवली तर काय फरक पडतो? कॅनडातल्या ऑन्टॅरियोला वसंतात बंदी असते कारण तिथं उन्हाळाच दोन महिन्यांचा. टेक्सासात फेब्रुवारीपासून मेपर्यंत लाटांनी अंडी घालतात, बंदी घालायची तर कधी आणि कुठल्या लाटेला?

आणि १९९९ च्या उन्हाळ्यात फोर्कवर मोठे मासे पोट वर करून तरंगले होते, ते काय टूर्नामेंटनं मारले? लार्जमाउथ बास व्हायरस होता तो. तळं त्यातनंसुद्धा सावरलं.

वलगण (रोहा)

मला बास-बीस माहीत नाही पण हे "चार घरटी उठवली तर काय" वाचून राहवलं नाही. आमच्याकडं पहिल्या पावसात मासे ओढ्यानं वर चढतात अंडी घालायला, वलगणीचे मासे म्हणतो आम्ही, खाली दक्षिणेला चढणीचे म्हणतात. गाभोळीनं पोट फुगलेलं असतं, अंगात त्राण असतं पण लक्ष वरच्या पाण्याकडं, माणसाकडं नसतं. लहानपणी नुसत्या टोपलीनं, हातानं धरायचो, रात्री बॅटऱ्या घेऊन अख्खा गाव शेतात. मीही धरलेत, खोटं का बोला, त्या गाभोळीसारखी चव कशालाच नाही. पण प्रत्येक जण हेच म्हणायचा, मी एकट्यानं टोपलीभर धरले तर काय. आता त्याच ओढ्याला टोपली भरायला रात्र जाते. त्यात बांध झाले, शेतात औषधं आली, ती कारणं पण आहेत, सगळं पाप टोपलीवर टाकत नाही. तरी समुद्रात जून-जुलै दोन महिने बंदी घालतातच ना सरकार, तिथं कोण विचारत नाही कुठल्या लाटेला म्हणून.

काठावरचा

वलगणकाका, तुम्ही मला सांगलीच्या ओढ्यावर नेऊन सोडलंत.

रॅम्पवाले, व्हायरसचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. तो विषाणू अंगात घेऊन कितीतरी मासे नीट जगतात, मरतात ते मुख्यतः पाणी तापलं आणि माशावर ताण आला की. मग जूनच्या उन्हात ताण देतंय कोण?

गेल्या वर्षी एका टूर्नामेंटच्या वेट-इनला (मासे काट्यावर मोजतात तिथं) मुद्दाम बघायला गेलेलो (नाव घेत नाही, तासातासाला बक्षीस देणारी होती). भर दुपार, पाणी अंघोळीच्या बादलीसारखं कोमट. एक जण ओव्हर घेऊन आला, पंचवीस इंची मादी असेल. २४ च्या वरची म्हणजे बहुतेक मादीच आणि तेवढी व्हायला तिला बरीच वर्षं लागतात. सकाळी धरलेली, तीन-चार तास लाइव्हवेलमध्ये, मग लाटांवर आपटत बोट आणली, मग प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन हा बाबा रांगेत उभा. माझ्या घड्याळात अकरा मिनिटं. टाळ्या, फोटो, चेक. मग सोडली, ती पोहत गेली आणि सगळे म्हणाले बघा, जिवंत गेली.

तुमचा तो १६ ते २४ इंचांचा, स्लॉटचा नियम जी मधली फौज वाचवतो ती काट्यावर येत नाही हे खरंय. पण येते कोण? ही म्हातारी. तलावातली सगळ्यात दुर्मिळ बाई तेवढी रांगेत उभी करायची परवानगी आहे.

गप्पिष्ट

दादांचं हे मात्र पटलं. पोहत जाणं म्हणजे जगणं नव्हे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, आणि माशाला तो लागतो जास्त, आणि बरेचसे मरतात ते दोन-चार दिवसांनी, खोल कुठंतरी, तेव्हा बक्षीसवाला घरी टीव्ही बघत असतो. काट्यावर येईपर्यंत मरणाऱ्यांचं प्रमाण सत्तरच्या दशकापासून खूप खाली आलंय, ते रॅम्पवाल्यांच्या लोकांचं खरंच कौतुक आहे. नंतर मरणारे मात्र तितके कमी झालेले नाहीत आणि पाणी जितकं तापलेलं तितके जास्त.

अजून एक, लार्जमाउथ सोडल्यावर फार लांब जात नाही, बरेचसे मैलभरातच घुटमळतात. दहा मैलांवरच्या खाडीतून आणलेले सगळे एकाच रॅम्पपाशी सोडले की तिथं गर्दी, आणि ती खाडी रिकामी.

रॅम्पवाला

बरं, ओव्हरचं मान्य. जून-जुलैत मी स्वतः लाइव्हवेलमध्ये बर्फाच्या बाटल्या टाकतो, पाणी तलावापेक्षा थोडंच गार ठेवतो, पण सगळे टाकत नाहीत, हेही खरं.

तरी "बंद करा" हे मान्य नाही. २००७ ला याच फोर्कवर टेक्सास बास क्लासिक झाली तेव्हा प्रत्येक बोटीत जज बसवला होता, मासा धरला की तिथंच वजन, तिथंच सोडला. मेजर लीग फिशिंगवाले पण तेच करतात. जमतं. फक्त प्रत्येक बोटीला जज बसवायला पैसा लागतो, आमच्या वीस बोटींच्या क्लबला कोण देणार? बंदी आली की मोठे तरतील, मरणार आम्ही.

आणि खरं प्रेशर कशाचं आहे सांगू? लाइव्हस्कोपचं, म्हणजे पाण्याखालचं चालू चित्र दाखवणाऱ्या सोनारचं. २०१८ ला आला तो. आधी मासा कुठं असेल याचा अंदाज लागायचा, आता स्क्रीनवर मासा दिसतो, ल्युअर दिसतो, त्यानं मान वळवलेली दिसते. जी मादी खोल पाण्यात मधोमध निवांत उभी असायची, जिच्यापर्यंत कुणी पोचायचंच नाही, तिला आता लपायला जागा राहिली नाही. पश्चिमेच्या ओ. एच. आयव्ही तलावात २०२१ पासून धडाधड शेअरलंकर निघतायत त्यात त्या स्क्रीनचाही हात आहे असं माझं मत. काठावरचे, तुमच्या बोटीवर आहे का हो तो?

काठावरचा

…आहे.

तिरकस

😂😂 संपला धागा.

गप्पिष्ट

नाही संपला, आज्जी राहिली. स्लॉटचा नियम केलाच अशासाठी की लोकांनी सोळाच्या खालचे थोडे घरी न्यावेत, म्हणजे गर्दी कमी होऊन उरलेले लवकर वाढतील. पण सोडणं हे आता पुण्य झालंय. देशभरच्या अभ्यासांत लोक घरी नेत असलेल्या बासचं प्रमाण १९९० नंतर आधीच्या साधारण निम्म्यावर आलेलं दिसतं. म्हणजे नियमाचा अर्धा भाग पाळायचा आणि अर्धा विसरायचा. दादा, तुमचे ते चार, पंधरा इंचाच्या आतले, काय केलेत?

काठावरचा

सोडले. फोटो काढून.

तिरकस

हात तोडायला हवेत.

काठावरचा

टूर्नामेंटबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण सगळी बंद होत नसेल तर निदान जून ते सप्टेंबर ओव्हर काट्यावर आणायला बंदी हवी, बोटीवरच मापा आणि सोडा. अंडरचं मात्र ऐकलं. बायकोला सांगितलं पुढच्या शनिवारी दोन चौदा इंची आणतो, ती मालवणची, म्हणाली तळ्यातला मासा या घरात आजवर शिजला नाही, चिखलाचा वास येतो. कातडं काढून, हळद-मीठ-आगळ लावून ठेवला तर जातो का वास? वलगणकाका, तुम्ही सांगा.

वलगण (रोहा)

कातडं काढाच, आणि पोटाकडची काळी पापुद्री खरवडून टाका, बराचसा वास तिथंच असतो. आगळ आहे तर लावा, अर्धा तास. रस्सा नको पहिल्यांदा, तळा.