मुलीला केमिस्ट्रीसाठी ख्रिस्ती विद्यापीठात पाठवावं का?

काजूगर_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्स पास झाली. नीट नको, इंजिनीअरिंग नको, बीएस्सी केमिस्ट्रीच करणार असं तिने दहावीपासून धरलंय. आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. भाजलेल्या बीचं तेल आणि वाफवलेल्या बीचं तेल वेगळं का वागतं, सोलणाऱ्या बायकांच्या हाताला फोड का येतात, हे ती लहानपणापासून विचारते आणि मला उत्तर येत नाही. आता तिला उत्तर हवंय म्हणे, डिग्रीसकट.

जिल्ह्यातल्या कॉलेजात घालता येईल, खर्चही कमी. पण तिच्या क्लासच्या सरांनी मंगळुरू आणि बंगळुरूच्या ख्रिस्ती विद्यापीठांची नावं दिली आहेत. मुंबईत झेवियर्स किंवा विल्सनचाही विचार चालू आहे. इथून मंगळुरू रेल्वेने सोयीचं, म्हणून मन तिकडे जास्त ओढतंय.

घरात दोन मतं. बायको म्हणते शिस्त चांगली असते, पाठवा. माझी बहीण म्हणते, चर्चमध्ये बसवतील, प्रार्थना म्हणायला लावतील, पोर हातची जाईल. मला स्वतःला भीती वेगळीच आहे. ती मराठी माध्यमातून आलीय, अकरावी-बारावी कशीबशी इंग्रजीत काढली. आणि शेवटी बीएस्सी करून पोरीला नोकरी काय मिळणार? कोणी तिथे शिकलं असेल तर खरं काय ते सांगा. जाहिरातीतलं नको.

दर्यावर्दी

आमच्या गावात मिशनची शाळा होती, कोणी बाटलं नाही. मात्र फी बघा. अभिमत (डीम्ड) विद्यापीठ म्हणजे फी त्यांची ते ठरवतात. बाकी केमिस्ट्रीतलं मला काही कळत नाही.

ब्युरेट

दादा, मी मालवणची. मंगळुरूतल्या एका ख्रिस्ती कॉलेजातून बीएस्सी केलं, पुढे गोव्यात औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बरीच वर्षं काढली. आता कुडाळात आहे. सविस्तर लिहिते, कारण मी जाताना असं सांगणारं कोणी नव्हतं.

आधी तुमच्या बहिणीचं. राज्यघटनेच्या कलम २८ च्या तिसऱ्या उपकलमात स्पष्ट लिहिलंय की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. आमच्याकडे झालं ते एवढंच: ख्रिस्ती मुलांना त्यांचा धर्माचा तास, आम्हा बाकीच्यांना त्याच वेळी मूल्यशिक्षणाचा. मूल्यशिक्षणात बहुतेक जणी जर्नल पूर्ण करायच्या. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रार्थना असते, तेव्हा उभं राहायचं, बस्स. माझ्या वर्गात बंट होत्या, मुसलमान होत्या, सारस्वत होत्या. मंगळुरूच्या ख्रिस्ती मुली घरी कोंकणी बोलतात. आपल्याला मालवणी येत असेल तर दिवाळीपर्यंत त्यांचं सगळं समजायला लागतं, भांडणसुद्धा.

पोर हातची जाईल ती गणपतीत. हे गंमतीने घेऊ नका. आपल्याकडे चतुर्थीला गाव भरतो, तिकडे सुट्टी एखाद्या दिवसाची, आणि इंटर्नल टेस्ट नेमक्या त्याच सुमाराला. पहिल्या वर्षी मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडले होते. तिथे ८ सप्टेंबरला मोंतीचा सण असतो, मेरीमातेच्या जन्माचा. नवं भात घरी आणतात आणि त्या दिवशी ख्रिस्ती घरांतही जेवण शाकाहारी. मैत्रिणीच्या घरी केळीच्या पानावर अळू आणि नव्या भाताचे दाणे घातलेलं दूध पुढ्यात आलं. आपल्याकडचाच ऋषिपंचमीचा बेत वाटला. तरी घरचा गणपती तो घरचा. मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

आता केमिस्ट्री. गेटवर क्रॉस आहे की गणपती, याने केमिस्ट्री शिकवण्यात फरक पडत नाही. फरक पडतो आठवड्याला प्रॅक्टिकल किती आणि उपकरणाला हात कोण लावतं याने. ख्रिस्ती संस्थांपैकी ज्या जुन्या आहेत त्यांच्या लॅबही जुन्या आणि मोठ्या आहेत, हा त्यांचा खरा फायदा. विल्सन १८३२ चं, झेवियर्स १८६९ चं, मंगळुरूचं सेंट अलॉयशियस १८८० चं. अलॉयशियस २०२४ पासून अभिमत विद्यापीठ झालंय. बंगळुरूचं ख्राइस्ट १९६९ मध्ये कॉलेज म्हणून सुरू झालं आणि २००८ मध्ये अभिमत. झेवियर्स आणि विल्सन ही विद्यापीठं नव्हेत, मुंबई विद्यापीठाची कॉलेजं आहेत. घरी बोलताना ही गल्लत होते.

पण वय बघून भुलू नका. बघायला जाल तेव्हा 'आयआर मशीन आहे का' (इन्फ्रारेड किरणांनी पदार्थाचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, काढणारं यंत्र) असं विचारू नका, ते सगळेच हो म्हणतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठून विचारा, 'तू स्वतः सॅम्पल लावून स्पेक्ट्रम काढलास का?' काचेमागून दाखवलेलं मशीन म्युझियममध्येही असतं. माझ्या एका मैत्रिणीच्या कॉलेजात (नाव नको) तीन वर्षं यूव्हीची (तसंच, पण अतिनील किरणांचं मशीन) खोली कुलूपबंद होती आणि जर्नलमध्ये सगळ्यांचे आकडे सारखे!

आमच्याकडे पहिल्या वर्षी फक्त टायट्रेशन (एक द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्याची ताकद मोजणं) आणि सॉल्ट अॅनालिसिस. तेव्हा वैताग यायचा. जुलैत कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या वजन करतानाच हवेतलं पाणी ओढून ओल्या होतात, म्हणून त्याचं द्रावण वजनावर विसंबून बनवता येत नाही, ऑक्झॅलिक अॅसिडसारख्या पक्क्या पदार्थाशी ताडून त्याची ताकद ठरवावी लागते. पुस्तकात ही एक ओळ आहे. समुद्रालगतच्या शहरात ती दर पावसाळ्यात डोळ्यांसमोर घडते. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन करताना ऑक्झॅलिक अॅसिड साठ अंशांच्या आसपास गरम करायचं, नाहीतर सुरुवातीला रंग जातच नाही. आणि ब्युरेटमधलं (खुणा असलेल्या काचेच्या नळीतलं) वाचन द्रावणाच्या वरच्या कडेवर घ्यायचं, कारण जांभळ्या रंगातून खालची कड दिसत नाही. आमच्या मॅडम, ख्रिस्ती सिस्टर होत्या, शेवटचा थेंब चुकला तर फ्लास्क ओतून द्यायला लावायच्या. नोकरीत माझी पहिली बढती मिळाली ती त्या सवयीवर.

इंग्रजीचं म्हणाल तर लेक्चर समजायला वेळ लागत नाही, केमिस्ट्रीचे शब्द बारावीत येऊन गेलेले असतात. अडतं व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत. आतून उत्तर येत असतं आणि तोंड उघडत नाही. यावर उपाय एकच, उत्तरं घरी मोठ्याने म्हणायची. आरशासमोर नको, आईसमोर. तिला कळो न कळो.

मुलीने गणित सोडलं नाही ना? पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) असेल तर उत्तम. नुसतं पीसीबी असेल तर दुसऱ्या वर्षी फिजिकल केमिस्ट्रीतलं कॅल्क्युलस छळतं. आयआयटीत एमएस्सी करायची म्हणजे जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिथेही गणिताशिवाय निभत नाही.

काजूगर_वेंगुर्ला

ताई, मनापासून आभार. गणपतीचं वाचून बायको गप्प झाली. पीसीएमबीच आहे, गणित चांगलं आहे तिचं. नोकरीचं राहिलं. आणि ते तेलाचं तुम्हाला माहीत आहे का? मुलगी शेजारी बसून वाचतेय.

आबा_परुळे

चेडवाक शिकूक पाठय रे बाबा. फादर कोणाक खाऊचे नाय. हॉस्टेलचा जेवाण मात्र बघून घे, उकड्या तांदळाचो भात गावता तकडे, ता बरा. आमचो झील बंगलोराक होतो, तेका जेवाण रुचला नाय म्हणान तीन महिन्यांत परत इलो. शिक्षणाचा काय नाय, पोटाचा बघ.

ब्युरेट

आबांचं खरं आहे. मंगळुरूत उकडा भात, माशाची आमटी, नारळ, सगळं आपल्यासारखं मिळतं. बंगळुरूत पोरांचं वजन उतरतं.

तेलाचं सांगते. कच्च्या टरफलातल्या तेलात मुख्य असतं अॅनाकार्डिक आम्ल. जोरात तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरतं. म्हणून गरम तेलाच्या कढईतून काढलेलं तेल आणि तितकं न तापवता काढलेलं तेल वेगळं वागतं. हे कार्डानॉल गाडीच्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि रंगांत जातं, तुमचं तेल विकत नेणाऱ्याला विचारा. फोडांचं कारणही या तेलातल्या फिनॉलच्या जातीच्या संयुगांमध्येच आहे. त्यांना लांब कर्बसाखळी असते, ती कातडीत शिरते. काजू, आंबा आणि बिब्बा एका कुळातले, म्हणून हापूस उतरवताना चीक लागला की तोंडाला तसेच फोड येतात. मुलीला म्हणावं, तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट हाच घे, माल घरचाच आहे.

नोकरीचं. नुसत्या बीएस्सीवर लोटे, महाड, रोहा इथल्या केमिकल कंपन्यांत आणि गोव्यातल्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला घेतात. काम एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवणं, कार्ल फिशर पद्धतीने पाण्याचं प्रमाण काढणं, नोंदी ठेवणं. शिफ्ट असतात, सुरुवातीचा पगार बेताचा. एमएस्सी केली की संशोधन विभागाचं दार उघडतं. तेव्हा घरात पाच वर्षांचं गणित मांडा, तीन वर्षांचं नको. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये तीन वर्षांची पदवी परत आणली, पण अभिमत विद्यापीठं आपापलं ठरवतात. तीन की चार, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. महाडीबीटीवरच्या, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या, शिष्यवृत्तीच्या भरवशावर राज्याबाहेर पाठवत असाल तर ती तिथे लागू आहे का, तेही आधीच.

माझ्या मते, जिल्ह्यातल्या कॉलेजात मशीनला हात लावायला देत असतील तर पदवी तिथेच करा, पैसा वाचवून एमएस्सीला बाहेर पाठवा. देत नसतील तर मंगळुरू. मुंबईत झेवियर्सला मिळालं तर प्रश्नच नाही, पण तिथे राहण्याचा खर्च फीपेक्षा जास्त पडतो.

काजूगर_वेंगुर्ला

मुलीने आबांचं वाचून मंगळुरूचं पक्कं केलंय, पुढच्या आठवड्यात दोघं बघायला जातोय. लॅबकोट इथूनच शिवून न्यायचा का?

ब्युरेट

शिवून घ्या, पण सुती. टेरिकॉट नको, पेटला तर वितळून अंगाला चिकटतो. बाह्या पूर्ण आणि मनगटाशी घट्ट. बटणं टिचबटणं लावा, अॅसिड सांडलं तर एका झटक्यात कोट उतरवता येतो. दोन शिवा, पावसात एक वाळतच नाही.