टोमॅटोची हिरवीगार झाडं माना टाकतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ भात काढून १२ गुंठ्यांत टोमॅटो लावलाय, बाजूला थोडी वांगी. फळधारणा सुरू झाली आणि झाडं कोलमडायला लागली. पान पिवळं नाही, डाग नाही. दुपारी शेंडा मलूल, संध्याकाळी जरा सावरतो, तीन-चार दिवसांत झाड गेलं. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून जास्त सोडलं. तिथेच घोडं पेंड खाल्लं बहुतेक! दुकानातून बुरशीनाशक आणून ओतलं, काडीचा फरक नाही.

काल खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरला. दोन मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले. म्हणजे जिवाणूजन्य मर रोगच, राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूचा. मेलेली झाडं मातीसकट उपटून जाळतोय.

आता विचारायचंय ते असं. उभ्या पिकात स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या मित्रजिवाणूची आळवणी करून (मुळाशी द्रावण ओतून) काही वाचतं का, की ते रोपं बुडवताना आणि शेणखतात मुरवूनच द्यायला हवं होतं? सोबत बॅसिलस सबटिलिस हा दुसरा मित्रजिवाणू कुणी वापरलाय? ट्रायकोडर्मा (बुरशीजन्य रोगांवरची मित्रबुरशी) सगळेच सुचवतात, पण हा रोग बुरशीचा नाही ना!

पुढच्या वर्षी अर्का रक्षक हा टोमॅटोचा रोगप्रतिकारक वाण लावायचा विचार आहे. आमच्या आंबट जांभ्या जमिनीत तो टिकला का कुणाचा? रानवांग्यावर कलम केलेली रोपं कुणी लावली असतील तर खर्चासकट सांगा. वांगी अजून उभी आहेत, पण दोन्हीला पाण्याचा पाट एकच आहे, त्यातून रोग तिकडे जाईल याचीच धास्ती वाटते.