ओपीडीच्या नोंदी बोलून लिहून घ्यायच्या का? कुणी करून पाहिलंय?

केसपेपरवाला

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला, आनंदनगरच्या आतल्या बाजूला माझा दवाखाना आहे. जनरल प्रॅक्टिस, सत्तावीस वर्षं झाली. सकाळी वीस-पंचवीस पेशंट, संध्याकाळी तीसच्या पुढे. इतकी वर्षं पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर लिहीत आलो: 'ताप २ दि., घसा लाल, छाती साफ, बीपी १३०/८०'. माझं मला कळायचं, बाकी कुणाला कळायची गरजच पडली नाही.

गेल्या दिवाळीत लेकीने कॉम्प्युटर आणून सॉफ्टवेअर घालून दिलं. (ती आर्किटेक्ट आहे. डॉक्टरकीत आली नाही, शहाणी निघाली.) मी दोन बोटांनी टाइप करतो. पेशंट सांगत असतो आणि मी 'पी' कुठे गेला ते शोधत असतो. परवा एक आजी म्हणाल्या, "डॉक्टर, मी इकडं बसलेय." तेव्हापासून पेशंटसमोर टाइप करणं बंद केलं. आता दवाखाना मिटल्यावर साडेनऊला बसतो. अकरा वाजतात. आणि विसाव्या पेशंटच्या पुढे कुणाचा कुठला गुडघा ते आठवेनासं होतं.

मोबाइलचं व्हॉइस टायपिंग करून पाहिलं. आम्ही बोलतो ते ना धड मराठी ना धड इंग्रजी. 'तीन दिवस लूज मोशन्स, ब्लड नाही, करपट ढेकर' असं म्हटलं की मराठीवर ठेवलेला फोन 'लूज मोशन्स'वर अडतो आणि इंग्रजीवर ठेवलेला 'करपट'वर. आवाज रेकॉर्ड करून कुणाकडून टाइप करून घ्यावं का? की हल्ली पेशंटचं आणि आपलं सगळं बोलणं ऐकून आपोआप नोंद करणारी साधनं आहेत, ती घ्यावीत? बायको म्हणते, लोक तुमच्याकडे घरातली भांडणंसुद्धा सांगतात, ती कुठल्या कंपनीत जाऊन पडणार? तिचं चूक नाही.

वापरणाऱ्यांनी लिहा. विकणाऱ्यांनी लिहू नका.

---

सदाशिव_३०

आमच्या डॉक्टरांचं अक्षर जगात फक्त समोरच्या केमिस्टला लागतं. त्याने दुकान मुलाकडे सोपवलं तेव्हा आम्ही डॉक्टर बदलला. तुम्ही बोला, टाइप करा, काय वाटेल ते करा, पण करा. बाकी जाणकार सांगतीलच. खुर्ची टाकून बसलोय.

---

पायपेडल

डॉक्टर, हा माझा प्रांत आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

मी २००१ ते २०१४ मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन केलं. बीएस्सी झाले होते, नोकरी नव्हती, आणि पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली त्याचे क्लास निघाले होते. अमेरिकेतले डॉक्टर त्यांच्या संध्याकाळी फोनवर नोंदी बोलून ठेवायचे, तेव्हा इथे सकाळ असायची. त्यांची सकाळ व्हायच्या आत टाइप करून परत. पैसे ओळीवर. ओळ म्हणजे ६५ अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. पायाखाली पेडल: मधे दाबलं की आवाज चालू, कडेला दाबलं की मागे किंवा पुढे. हात कीबोर्डवरून उचलायचाच नाही. सासूबाईंना वाटायचं, मी कंपनीत शिलाई मशीन चालवते.

या कामाचा पहिला धडा टायपिंगचा नव्हता. ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडायची. रेघ ओढायची, ऑडिओतली मिनिटं-सेकंद लिहायची आणि वरच्या तपासनिसाकडे पाठवायचं. त्यालाही नाही कळलं तर रिपोर्ट रेघेसकट डॉक्टरकडे जायचा. अंदाज केलात आणि तो बरोबर निघाला तरी बोलणी खायची. मी एकदा 'डिस्फेजिया'च्या जागी 'डिस्फेसिया' टाइप केलं होतं. एकात गिळायला त्रास, दुसऱ्यात बोलायला. उच्चारात फरक जवळजवळ नाहीच. तपासनीस बाईंनी मला फक्त दोन ओळी वर वाचायला सांगितलं. वर लिहिलं होतं, पेशंटला घन पदार्थ उतरत नाहीत. मीच टाइप केलेलं!

फोनचं यंत्र रेघ ओढत नाही. त्याला काहीही ऐकू आलं किंवा काहीच आलं नाही, तरी ते नीटनेटकं वाक्य लिहून मोकळं होतं. स्पेलिंगही अचूक. त्यामुळे नजर त्यावरून घसरते. बोलून लिहिण्यात टायपिंगचा वेळ वाचतो, वाचण्याचा नाही, आणि लोक वाचण्याचाच वेळ वाचवायला जातात.

आता कामाच्या गोष्टी. 'नो चेस्ट पेन' म्हणू नका, 'डिनाइज चेस्ट पेन' (पेशंट छातीत दुखत नाही म्हणतो) म्हणा. 'नो' एवढासा आहे, पंख्याच्या आवाजात गळून पडतो आणि पेशंटला छातीत दुखायला लागतं. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत दरवेळी घोळ होतो, तेव्हा 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो' असे सुटे आकडे. मराठीत पंधरा नि पन्नास लांब लांब आहेत खरे, पण सात-साठ आणि त्रेसष्ट-त्र्याहत्तर आहेतच. हायपो-हायपर (कमी-जास्त) म्हटलं की पुढे आकडाही म्हणा, म्हणजे चूक उघडी पडते. औषधाचं नाव शक्यतो बोलूच नका, सॉफ्टवेअरमधल्या यादीतून निवडा. आणि माइक तोंडाजवळचा घ्या. लांब ठेवलेल्या फोनला तुमच्याआधी रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो.

अजून एक. आमच्याकडे सगळ्यात चांगलं डिक्टेशन कुणाचं असायचं माहितीय? जे डॉक्टर पेशंट खोलीत असतानाच बोलायचे त्यांचं. रात्री घरी बसून बोलणारे जांभया देत बोलायचे, 'डावा... नाही, थांबा' म्हणायचे आणि मग कागद चाळल्याचा आवाज यायचा.

---

सोनोवाला

पायपेडल ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मी रेडिओलॉजिस्ट. आमच्याकडे रिपोर्ट बोलून टाइप करून घेणं फार जुनं आहे, सेंटरवर टायपिस्ट बसलेलाच असतो. आमचा रोग वेगळा: साचा. नॉर्मल रिपोर्टचा साचा तयार असतो आणि जेवढं बदललं तेवढंच बोलायचं. सोय उत्तम. त्या सोयीपायी माझ्या सहीने एका साठीच्या काकांचं गर्भाशय नॉर्मल असल्याचं प्रमाणपत्र गेलं होतं. काका रिपोर्ट घेऊन परत आले, हसत होते म्हणून बरं. पित्ताशय काढलेल्या बाईंना 'पित्ताशय नॉर्मल' गेलं असतं तर कुणी हसलं नसतं. आता मी डावी-उजवी बाजू दोनदा बोलतो, वर्णनात एकदा आणि निष्कर्षात एकदा. दोन्ही जुळल्या नाहीत की टायपिस्ट मला हाक मारतो.

तुमच्या सौ. म्हणतात त्याबद्दल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पेशंटचं बोलणं बाहेर पाठवायचं तर आधी साध्या मराठीत विचारा, 'नको' म्हणाला तर विषय संपला. स्वतःच्याच मशीनवर चालणारे पर्यायही आहेत. ओपनएआयने २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं, आवाज ऐकून लिहून देणारं मॉडेल खुलं केलं, ते घरच्या संगणकावर चालवता येतं आणि मग आवाज बाहेर कुठे जातच नाही. मराठी घेतं, पण चांगला संगणक हवा आणि तो सगळा घाट घालून देणारं कुणीतरी हवं. एक सावधगिरी: ही आवाजाची मॉडेल्स लांब शांततेत कधी कधी न बोललेलं वाक्य लिहितात. पोट तपासताना रेकॉर्डिंग चालू ठेवू नका.

आणि कार्डं टाकू नका. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असं आहे. तुमची ओपीडी आहे, पण वाद झाला तर तुमच्या बाजूने बोलणारं तेवढंच असतं.

---

केसपेपरवाला

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे करून पाहिलं, म्हणून परत लिहितोय.

सगळं ऐकणारं साधन घेतलं नाही. माइक घेतला. फोनची भाषा मराठीवर ठेवली. तपासून झालं की पेशंटसमोरच चार ओळी बोलतो, औषधं यादीतून निवडतो, पडद्यावर एकदा वाचतो. 'लूज मोशन्स'ऐवजी जुलाब म्हणतो. सुरुवातीला लाज वाटली, आपण आकाशवाणीवर बातम्या देतोय असं. पण पेशंट ऐकतात, हे मला आधी सुचलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका मावशींसाठी म्हटलं, "चार दिवस गॅसेसचा त्रास, छातीत जळजळ." त्या म्हणाल्या, "जळजळ नाही हो, जिना चढला की आवळल्यासारखं होतं. बसलं की थांबतं." तपासताना मला त्यांनी गॅसेसच सांगितलं होतं आणि मीही कार्डावर 'गॅस' लिहून मोकळा झालो असतो. ईसीजी काढला, त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

तक्रारीही आहेत. पेशंटमागे मिनिट-दीड मिनिट वाढलंय, बाहेरचे बाकावरून डोकावतात. गणपतीच्या सरावाचे ढोल सुरू झाले की सगळंच बंद, मग पुन्हा कार्ड. आणि 'मूळव्याध' मोठ्याने बोलायची नाही, एवढं एका काकांनी डोळ्यांनीच शिकवलं. ते टाइप करतो.

रात्री मात्र दहाला घरी असतो.

पायपेडल ताई, जागा रिकामी सोडायची सवय लावून घेतोय. पटलं नाही तिथे तीन टिंबं देतो आणि पुढच्या खेपेला पेशंटलाच विचारतो. तुमचं ते पेडल अजून आहे का? रेकॉर्डिंग मागे-पुढे करायला उपयोगी पडेल.

---

पायपेडल

आहे. देणार नाही. पण ढोल थांबेपर्यंतची रेकॉर्डिंग पाठवायची असतील तर पेशंटना विचारून पाठवा, ओळीचा दर व्यक्तिगत निरोपात कळवते.