एक पावसाळा काढलेला टीव्ही कसा आहे? (अनुभव धागा, खास कोकणकरांसाठी)

दापोली (धागा माझाच)

दुकानात ओळीने दहा टीव्ही लावलेले असतात आणि दहाही टीव्हींवर तोच रंगीत मासा पोहत असतो. तिथे काय डोंबल कळणार? म्हणून हा धागा. तीस-पस्तीस हजारांपर्यंतचा, बसायच्या खोलीतला स्मार्ट टीव्ही ज्यांनी निदान एक पावसाळा वापरलाय, त्यांनी लिहा. कंपनीचं नाव नको, नाहीतर भांडणंच होतील.

सुरुवात मी करते. ४३ इंची, फोरके, जून २०२५ मध्ये घेतला. पुढे २२ सप्टेंबरला ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ते दुःख वेगळं.

पहिले आठ दिवस आई रोज विचारायची, "जुन्यापेक्षा धूसर का गं दिसतं?" ती खोटं बोलत नव्हती. तिची मालिका साध्या वाहिनीवर, म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके. फोरकेचा पडदा ३८४० गुणिले २१६०. हिशेब करा, बरोबर वीसपट. एका ठिपक्याचे वीस करताना टीव्ही मधले रंग अंदाजाने भरतो आणि नायिकेच्या गालावर मेण फासल्यासारखं होतं. शेवटी त्या वाहिनीचं एचडी घेतलं आणि 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' मोड लावला, तेव्हा माणसं माणसांसारखी दिसायला लागली.

आणि खरं सांगायचं तर आमच्या खोलीत टीव्हीपासून झोपाळा नऊ फुटांवर. इतक्या लांबून ४३ इंचीवर फुल एचडी आणि फोरकेतला फरक मला तरी दिसत नाही. ते पैसे आवाजावर घातले असते तर बरं झालं असतं.

मालवण

झोपाळ्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आमचा टीव्ही समोरून झकास. काळोखातला सीन खरोखर काळा दिसतो. पण आमच्याकडे समोर बसतंय कोण? बाबा आरामखुर्चीत एका कोपऱ्यात, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, पोरं जमिनीवर. आईला तिथून सगळं पिठूळ दिसतं. मागाहून कळलं की पॅनेल दोन जातींची असतात. व्हीएमध्ये काळा गडद पण बाजूने रंग उडतात, आयपीएसमध्ये काळा राखाडीकडे झुकतो पण कडेने चित्र टिकतं. दुकानात टीव्हीसमोर उभं राहू नका, भिंतीला पाठ लावून तिरके बघा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

दुसरं म्हणजे आवाज. आमच्याकडे टीव्ही मुख्यतः दशावतार आणि डबलबारी भजनांसाठीच. यूट्यूबवर रात्र-रात्र चालतात. स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे पखवाजाची थाप डब्यावर मारल्यासारखी येते. त्यात पुढच्या पडवीवर पत्रे. जुलैत सर आली की बाबा ओरडतात, "आवाज खंय गेलो?" आवाज ऐंशीवर असतो! साधा साउंडबार घेतला, एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयला जोडला. आता एकाच रिमोटवर दोन्ही चालतात.

कुडाळकडचा, दुरुस्तीचं काम करतो

वाचून राहवलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या टीव्हींत चित्र वाईट म्हणून एकही येत नाही. येतात ते तीन कारणांनी.

पहिलं, बंद घर. चाकरमानी मे महिन्यात टीव्ही बघून मुंबईला जातात, घराला कुलूप. गणपतीला येऊन लावतात तर पडद्यावर उभ्या रेघा. पॅनेलच्या कडेला बारीक फिती चिकटवलेल्या असतात, त्यात ओल आणि खारी हवा शिरते. ते दुरुस्त होत नाही, पॅनेल बदलायचं म्हटलं तर नवा टीव्ही परवडतो. शेजाऱ्याकडे चावी असेल तर आठवड्यातून दोनदा तासभर लावायला सांगा. टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर कधीच नको. पाऊस त्याच बाजूने झोडपतो, जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि टीव्ही त्याला पाठ लावून चार महिने उभा. आतल्या भिंतीवर लावा. चिऱ्यात साधा प्लग धरत नाही, भुगा होऊन सैल पडतो, म्हणून आधी लाकडी फळी लांब बोल्टनी घट्ट करून घ्या.

दुसरं, फडका. पडद्यावर पाणी किंवा काचेचा स्प्रे थेट मारतात. थेंब ओघळून खालच्या पट्टीत जातो, आणि तिथेच त्या फिती असतात. फडका किंचित ओला करून घ्या, पडदा नाही.

तिसरं, वीज. लोक स्टॅबिलायझर विचारतात कमी दाबासाठी. अहो, बहुतेक टीव्हींच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कमी दाब त्याला चालतो. भीती आहे ती वादळात न्यूट्रलची तार तुटण्याची, तेव्हा घरात तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात. जास्त दाबाला तोडणारं यंत्र हवं. आणि वीज कडाडायला लागली की पिन काढाच, पण डिशची केबलही काढा. निम्मे लोक तीच विसरतात.

आणि हो, पाल. मागच्या जाळीतून आत जाते, गरम असतं ना. बोर्डावर चिकटून मेलेली पाल मी इतक्यांदा काढलीये की आता दचकत नाही.

चिपळूण

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे टीव्ही घेताना पहिला प्रश्न "किती इंची" नसतो, "किती उंचीवर" असतो. तळमजल्यावर होता तो वाशिष्ठीच्या गाळात गेला. नवा माडीवर लावलाय. मान वर करून बघायला लागतं, चालतं.

मुंबईला असते, सासर देवगड

सासऱ्यांसाठी घेऊन दिला. वय ७८. पंधरा दिवसांत फोन, "माका बातम्यो लावन दी." त्यांना काय अडत होतं ते दिवाळीत जाऊन शेजारी बसल्यावर कळलं. टीव्ही लावला की आधी जाहिरातींची पाटी येते, मग चौकोनच चौकोन. नव्या रिमोटवर आकडेच नाहीत. ते बिचारे मधलं बटण दाबायचे आणि भलताच सिनेमा सुरू व्हायचा. मग सेटिंगमध्ये शोधून, चालू झाल्यावर थेट सेटटॉप बॉक्सवर जाईल असं केलं. सगळ्या टीव्हींत ती सोय नसते, घेण्याआधी दुकानात करून दाखवायला सांगा. टीव्हीचा रिमोट फडताळात, हातात फक्त बॉक्सचा. आता तक्रार फक्त मुसळधार पावसात. तेव्हा डिशचे सिग्नल पावसाच्या थेंबांतच विरतात, त्याला टीव्ही काय करणार? त्या वेळी सासूबाई फायबरवरून बातम्या लावतात. राउटर माजघरात आणि मध्ये चिऱ्याची जाड भिंत, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय ओटीपर्यंत पोचतच नव्हतं. २.४ वर टाकलं, पोचलं.

अलिबाग

घरगुती पर्यटक निवास चालवतो, त्यामुळे तीन टीव्ही, तिन्ही वेगळे. पाहुणे आपापली खाती उघडी ठेवून जातात. पुढच्यांच्या लहान मुलांसमोर मागच्यांची यादी उघडते. दर खोली झाडताना खाती बंद करणं हेही आता झाडण्यातच धरलंय. दोन वर्षांत तिन्ही मंदावले. एकात जेमतेम १ जीबी रॅम आहे, रिमोट दाबून चहा गाळून यावा इतका वेळ घेतो. दीड वर्षाने त्याला बाहेरून स्मार्ट स्टिक (एचडीएमआयला खोचायची कांडी) लावली आणि तो तरुण झाला. तेव्हा टीव्हीतला स्मार्टपणा बिघडला म्हणून टीव्ही टाकू नका.

दापोली (मीच पुन्हा)

कुडाळचे दादा, तुमचं वाचून आत्ता उठून टीव्हीमागे बॅटरी मारली. पाल आहे. जाळीच्या बाहेरच, पण आहे. आणि आमची भिंत पश्चिमेचीच. आता चिऱ्यातले चार बोल्ट काढून हलवायचा, की मागे फळी टाकून दोन इंच पुढे घेतला तर भागेल?

कुडाळ

दोन इंच सोडलेत तर हवा खेळेल, यंदा निभेल. पालीला मात्र फळी आवडेल.